१३०५ किलोहर्ट्झचे वारस

परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या बऱ्याच घरांत डिजिटल रेडिओ कधीचाच पोहोचला आहे, पण त्याला कुणी रेडिओ म्हणत नाही. छतावर डीडी फ्री डिशची छत्री असली की रिमोटने वाहिन्यांची यादी खाली खाली न्यायची; चित्र नसलेल्या, नुसत्या आवाजाच्या वाहिन्या लागतात. त्यात विविध भारती असते, आकाशवाणीच्या निरनिराळ्या भाषांतल्या वाहिन्या असतात. हा आवाज छत्तीस हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाकडून आकड्यांच्या रूपात येतो आणि टीव्हीखालचा डबा त्या आकड्यांचे पुन्हा सूर करतो. डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने ही सेवा सुरू झाली, म्हणजे गावातली आज नुकती विशीत आलेली पोरे जन्मली तेव्हापासून ती आहे.

पण जगात ज्याला डिजिटल रेडिओ म्हणतात तो हा नव्हे. छत्री नको, इंटरनेट नको, रिचार्ज नको. शेताच्या बांधावर ठेवलेल्या संचाने जमिनीवरच्या मनोऱ्याकडून थेट उचललेला आकड्यांचा आवाज, तो खरा. तो मराठवाड्यात अजून यायचा आहे. तो कुठून निघाला, कोणत्या वाटेने आला आणि आपल्या उंबरठ्याच्या अलीकडेच का थांबला, हे सांगायचे तर सुरुवात निजामाच्या अमलापासून करावी लागते.

ताडकळस तेव्हा हैदराबाद संस्थानात. मुंबईचे केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले होते, पण आपला भाग मुंबई इलाख्याबाहेरचा. हैदराबादचा रेडिओ १९३५ मध्ये निजाम सरकारच्या हाती आला. ४११ मीटर, ७३० किलोसायकल ही त्याची जागा. उर्दूच्या जोडीने मराठी, तेलुगू आणि कानडीतही तिथून कार्यक्रम होत. औरंगाबादलाही निजामाने केंद्र उभारले. मराठवाड्याच्या इतिहासातला या रेडिओचा सर्वांत मोठा क्षण १७ सप्टेंबर १९४८ चा. भारतापुढे शरणागतीची घोषणा खुद्द निजामाने त्या दिवशी रेडिओवरून केली. खेड्यापाड्यांत संच जवळजवळ नव्हतेच. ज्या मोजक्या घरांत होते तिथून ती बातमी तोंडोतोंडी पसरली. १ एप्रिल १९५० ला हैदराबाद आणि औरंगाबाद ही केंद्रे ऑल इंडिया रेडिओकडे आली.

१९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने शेतकऱ्यांसाठी एक मोठा प्रयोग केला. दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्यांची मंडळे बसवली, आठवड्यातून दोनदा कार्यक्रम ऐकवला, त्यावर चर्चा करवली आणि गावकऱ्यांचे प्रश्न पुन्हा केंद्राकडे नेले. शेती रेडिओवरून शिकता येते हे त्या प्रयोगाने सिद्ध केले. पण गावे पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या जिल्ह्यांतली होती. परभणी जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आपण त्या यादीत नव्हतो. मराठवाड्याच्या वाट्याला सगळे एक पाऊल उशिरा येते, ही तक्रार आपल्याकडे जुनी आहे. रेडिओच्या बाबतीत तरी ती खरी आहे.

परभणीला आकाशवाणीचे केंद्र आले ते साठच्या दशकाच्या अखेरीस. मध्यम लहरी, १३०५ किलोहर्ट्झ, म्हणजे साधारण २३० मीटरची लहर. प्रक्षेपक २० किलोवॅटचा. १९७२ मध्ये परभणीत कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पेरणीपासून फवारणीपर्यंतचा सल्ला देणारी माणसे केंद्राला घराशेजारीच मिळाली. संच बाळगायला तेव्हा टपाल कचेरीतून परवाना काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत. ऐंशीच्या दशकात ती कटकट संपली.

त्या ट्रान्झिस्टरच्या पोटात काय चालते ते आधी पाहायला हवे, कारण डिजिटल रेडिओ जन्मला तो त्याच्या दुखण्यातून. चामड्याचे कव्हर काढून मागचे झाकण उघडले की वरच्या बाजूला काळ्या रंगाची एक कांडी दिसते, तिच्यावर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. ही फेराइटची कांडी म्हणजे मध्यम लहरींची एरियल. लहर तिला आडवी भेटली तर आवाज खणखणीत, टोकाकडून भेटली तर जवळजवळ बंद. परभणी नीट लागेना की संच उचलून जरा फिरवायचा, हे म्हाताऱ्या माणसांना कुणी शिकवलेले नसते, पण हाताला ते ठाऊक असते. कांडीने उचललेल्या लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त होत असते. निवेदक जोरात बोलला की उंची वाढते, हळू बोलला की घटते. संच त्या चढउतारावरून हुबेहूब आवाज उभा करतो.

सोपी युक्ती आहे, म्हणूनच ती शंभर वर्षे टिकली. पण लहरीच्या उंचीत जे जे मिसळेल ते सगळे संचाला आवाजच वाटते. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पडला की कडकड. मृगाच्या तोंडावर वीस कोस दूर वीज चमकली तरी खरखर. आता तर घरातला एलईडीचा दिवा आणि मोबाइलचा स्वस्त चार्जर एवढेही पुरतात. सूर्य मावळला की आणखी एक गोष्ट होते. दिवसा वातावरणाचा जो थर मध्यम लहरी गिळून टाकतो तो रात्री विरतो, लहरी वरच्या थरावर आपटून शेकडो किलोमीटर पलीकडे उतरतात आणि एकाच जागी दोन-तीन केंद्रे एकमेकांत मिसळतात. आपल्याच केंद्राची जमिनीवरून आलेली लहर आणि आकाशातून उतरलेली लहर एकमेकींना कधी जोर देतात, कधी मारतात. 'आवाज येतोय-जातोय' असे आपण म्हणतो ते याला. भरीला, ही पद्धत वीजही फार खाते. प्रक्षेपकाची किमान दोनतृतीयांश शक्ती नुसत्या वाहक लहरीत जाते, आणि त्या लहरीत निवेदकाचा एक शब्दही नसतो.

यावरचा उतारा सुचला तो टेलिफोनच्या माणसाला. अॅलेक रीव्ह्ज हा इंग्रज अभियंता १९३७ मध्ये पॅरिसच्या एका प्रयोगशाळेत लांब पल्ल्याच्या फोनमधली खरखर कशी घालवावी याचा विचार करत होता. प्रत्येक टप्प्यावर आवाज मोठा करावा तर त्याबरोबर खरखरही मोठी होई. त्याने आवाज पाठवण्याचाच नाद सोडला. आवाजाच्या लहरीची उंची ठरावीक अंतराने मोजायची, ती आकड्यात लिहायची आणि आकडा फक्त 'आहे' व 'नाही' अशा दोन खुणांनी पाठवायचा. वाटेत खुणा कितीही मळल्या तरी पलीकडच्याला एवढेच ओळखायचे की खूण आहे की नाही. ते ओळखता आले की मूळ आकडा जसाच्या तसा हाती येतो आणि खरखर वाटेतच राहते. पुढे १९८२ ला बाजारात आलेली काँपॅक्ट डिस्क याच कल्पनेवर उभी राहिली. तीत आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो.

पण या आकड्यांना जागा फार लागते. डिस्कवरच्या स्टिरिओ संगीतासाठी सेकंदाला चौदा लाखांच्या वर खुणा पाठवाव्या लागतात. मध्यम लहरींवर एका केंद्राला मिळणारी जागा असते अवघी ९ किलोहर्ट्झ, आणि तिच्यातून सेकंदाला जेमतेम वीस हजार खुणा सुखरूप पार होतात. सत्तर पोती माल आणि एका पोत्याची जागा, असा हा हिशेब.

तो सुटला माणसाच्या कानामुळे. भजनात टाळ-मृदंग टिपेला पोहोचले की शेजारचा काय पुटपुटतो ते ऐकू येत नाही. शेजारी गप्प झालेला नसतो. मोठ्या सुराच्या लगतचा बारीक सूर आपला कान टिपतच नाही. मग जे ऐकूच येणार नाही ते पाठवायचे कशाला? ऐंशीच्या दशकात जर्मनी, फ्रान्स आणि हॉलंडमधल्या प्रयोगशाळांनी या प्रश्नावर काम केले आणि आवाजातला अनावश्यक भाग गाळणाऱ्या पद्धती तयार केल्या. आपल्या मोबाइलमधली एमपी३ गाणी त्याच घराण्यातली. त्यानंतरच्या एएसी पद्धतीने आणि तिच्या सुधारलेल्या आवृत्त्यांनी हे गाळणे इतके बारीक केले की सेकंदाला वीस हजार खुणांतही बातम्या स्वच्छ आणि गाणे गोड ऐकू येते. मला ही या सगळ्या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. यंत्राने जागा वाचवली ती माणूस कसा ऐकतो हे समजून घेऊन.

दुसरी अडचण हवेतली. आकडे भराभर पाठवावेत तर उशिरा पोहोचलेला पडसाद पुढच्या आकड्यावर चढतो आणि दोन्ही बिघडतात. इथे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतल्या रॉबर्ट चँग यांची १९६६ सालची कल्पना कामी आली. सगळा कापूस एकाच ट्रकमध्ये भरून पळवण्याऐवजी दोनशे बैलगाड्यांत थोडा थोडा घालून त्या सावकाश हाकाव्यात, तसे हे. एखाददुसरी गाडी चिखलात रुतली तरी बाजारात माल पोहोचतोच. मध्यम लहरींच्या डिजिटल पद्धतीत त्या ९ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोनशेच्या आसपास बारीक वाहक लहरी शेजारी शेजारी बसवतात, एकमेकींपासून सुमारे ४२ हर्ट्झवर. प्रत्येक लहर आपली खूण सेकंदाच्या साधारण अडतिसाव्या भागापर्यंत धरून ठेवते. दोन खुणांच्या मध्ये थोडा मोकळा वेळ ठेवलेला असतो. आकाशातून उशिराने उतरलेला पडसाद त्या मोकळ्या वेळात येऊन जातो आणि नुकसान करत नाही. रुतलेल्या गाड्यांतला माल भरून काढायला जास्तीच्या खुणा आधीच मिसळलेल्या असतात. हवेतून जाणाऱ्या खुणांपैकी निम्म्याच्या आसपास अशा राखीव असतात.

या पद्धतीचे नाव डिजिटल रेडिओ माँडियाल, सगळीकडे डीआरएम म्हणतात. मार्च १९९८ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू इथे तिची संघटना स्थापन झाली आणि १६ जून २००३ ला जिनिव्हाहून तिच्या प्रसारणाला अधिकृत सुरुवात झाली. तिच्या आधी युरोपात डॅब ही पद्धत आली होती; १९९५ मध्ये नॉर्वे आणि ब्रिटनने ती सुरू केली, २०१७ मध्ये नॉर्वेने आपली राष्ट्रीय एफएम केंद्रेही बंद करून टाकली. पण डॅबला जवळ जवळ मनोरे लागतात. मराठवाड्यासारख्या पसरलेल्या मुलखाला ती सोयीची नाही. डीआरएमचा फायदा असा की जुनीच लहर, जुनाच मनोरा वापरता येतो आणि एकाच मनोऱ्याने तीन-चार जिल्हे व्यापता येतात.

घरी बसलेल्या श्रोत्याला यातले काय दिसते? डीआरएमचे प्रसारण जुन्या ट्रान्झिस्टरवर लावले तर नुसता एकसुरी घोंगाट ऐकू येतो, केंद्र आहे असेही वाटत नाही. डीआरएमच्या संचावर तेच लावले की पहिला क्षण-दोन क्षण शांतता असते. संच आधी खुणांची लय पकडतो. मग त्याला काही मोजक्या लहरींवरून सूचना मिळते की पुढचा मजकूर कसा उलगडायचा. मग पडद्यावर केंद्राचे नाव उमटते, तेही देवनागरीत येऊ शकते. त्यानंतर आवाज येतो आणि त्यामागे काहीच नसते, ना खरखर, ना शिट्टी. मध्यम लहरींवर आयुष्य काढलेल्या कानांना ही शांतता चकित करते. एकाच लहरीवर दोन कार्यक्रमही बसतात, आणि आवाजाच्या सोबतीने मजकूर पाठवता येतो: बाजारभाव, हवामान, धरणातून सोडलेले पाणी.

या पद्धतीला दोन खोड्या आहेत, त्याही सांगितल्या पाहिजेत. खुणा दूरदूर विखरून पाठवल्या जात असल्यामुळे त्या गोळा करून आवाज करायला संचाला दोनेक सेकंद लागतात. बातम्यांच्या आधीच्या ठोक्यावर घड्याळ लावणाऱ्यांनी डिजिटल ठोक्यावर विसंबू नये. दुसरी खोड छत्री असलेल्या प्रत्येकाने पाहिली आहे. पावसाची जोरदार सर आली की टीव्हीवर आधी चौकोन चौकोन दिसतात आणि मग चित्रच जाते. डिजिटल आवाजाचेही तसेच. जुना रेडिओ खरखरत, कण्हत का होईना बोलत राहतो. डिजिटल संचाला ठरावीक मर्यादेपर्यंत सगळे स्वच्छ ऐकू येते आणि मर्यादा ओलांडली की तो गप्प होतो.

भारतात आकाशवाणीने डीआरएम लवकर हाती घेतले. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीजवळच्या खामपूरहून लघुलहरींवर नियमित डिजिटल प्रसारण सुरू झाले. पुढच्या दशकात देशभरात मध्यम लहरींचे पस्तीसच्या आसपास प्रक्षेपक डीआरएमसाठी सज्ज झाले. आपल्याकडे मुंबई, पुणे आणि शेजारी पणजी त्यांत आहेत. बहुतेक ठिकाणी जुना आवाज आणि नवे आकडे एकाच प्रक्षेपकावरून शेजारी शेजारी जातात, म्हणजे जुन्या संचाचे ऐकणेही चालू राहते. मोटार कंपन्यांनी लाखो गाड्यांत हे संच बसवले. गाडीत बसलेला माणूस डिजिटल आकाशवाणी ऐकू शकतो, घरात बसलेला नाही, कारण घरगुती डीआरएम संच बाजारात आले ते दहा हजारांच्या पुढच्या किमतीत. पाचशे रुपयांत ट्रान्झिस्टर मिळत असताना ते कोण घेणार? प्रक्षेपणावर मोठा पैसा ओतला आणि ऐकणाऱ्याच्या हातात काय असेल याचा विचार मागे पडला, अशी ही चूक आहे.

उपग्रहावरून थेट रेडिओ देणाऱ्या वर्ल्डस्पेस कंपनीचेही आपल्याकडे असेच झाले होते. मार्च २००० मध्ये तिने आशियासाठी उपग्रह सोडला. आवाज उत्तम होता. पण वेगळा महाग संच आणि वर वर्गणी. ३१ डिसेंबर २००९ ला भारतातली ती सेवा बंद पडली आणि संच कपाटात गेले.

आता पुढचे. खासगी एफएम केंद्रांनी डिजिटल व्हावे यासाठी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये शिफारशी केल्या आणि सुरुवात १३ मोठ्या शहरांपासून सुचवली. मुंबई, पुणे, नागपूर त्यांत आहेत. मराठवाड्यातले एकही शहर नाही. दुसरीकडे आकाशवाणी चालवणाऱ्या प्रसार भारतीने मध्यम लहरींचे जुने प्रक्षेपक अनेक ठिकाणी बंद केले आहेत आणि भर एफएमवर दिला आहे. २८ एप्रिल २०२३ ला एकाच दिवशी १०० वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक सुरू झाले. पण १०० वॅटचा एफएम गावाच्या आसपास, फार तर पंधरा-वीस किलोमीटर जातो. मध्यम लहर जमिनीला धरून जाते, पूर्णा आणि गोदावरीच्या खोऱ्यांतली आपल्याकडची गावे एका मनोऱ्याने गाठते.

'मोबाइल आहे की, ॲपवर ऐका', असे कुणी म्हणेल. ॲप चांगलेच आहे. परगावी गेलेल्या पोराला परभणी ऐकता येते ते त्याच्यामुळेच. पण इंटरनेटवर प्रत्येक ऐकणाऱ्याला वेगळी प्रत पाठवावी लागते, ऐकणारे वाढले की भार वाढतो. रेडिओचा मनोरा एकाने ऐकला काय नि दहा लाखांनी ऐकला काय, तेवढीच वीज घेतो. नदीला पूर आला, वादळाने खांब पडले, मोबाइलचा मनोरा बॅटरी संपून बंद झाला की नेमके तेव्हाच ॲप मुके होते. डीआरएममध्ये धोक्याच्या वेळी संचांना आपोआप सूचनेच्या वाहिनीवर नेण्याची सोय मुळातच बसवलेली आहे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर वीज पडून शेतात माणसे दगावणाऱ्या आपल्या भागात अशा सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

म्हणून मागणी साधी आहे. परभणीच्या १३०५ किलोहर्ट्झची जागा मोडीत काढू नका. तिथला प्रक्षेपक जुना झाला की डीआरएम चालणारा बसवा आणि जुन्या पद्धतीचा आवाजही शेजारी चालू ठेवा. त्याहून आधी, दोन हजार रुपयांच्या आत मिळणारा, सेलवर चालणारा डीआरएम संच देशात बनेल असे पाहा, आणि तो ताडकळसच्या बाजार समितीत, ग्रामपंचायतीत, शाळेत एकेक ठेवा. कृषी विद्यापीठ परभणीत आहे, केंद्र परभणीत आहे, ऐकणारे इथे आहेत. खासदारांनी आणि आमदारांनी हा विषय प्रसार भारतीकडे लावून धरावा, आणि तुम्ही-आम्ही श्रोत्यांनी परभणी केंद्राला एक पत्र टाकून एवढे विचारावे: आमच्याकडे डिजिटल प्रसारण केव्हा?